बारा ते साडेबारा

त्या मंगळवारी दुपारी बारा वाजून चौदा मिनिटांनी थाओ वेइलानचा फोन टिंग करून वाजला, तेव्हा ती शांघायमधल्या आपल्या कचेरीच्या सव्विसाव्या मजल्यावरून जेवायला खाली निघाली होती. लिफ्टमधल्या सगळ्यांनी आपापल्या फोनकडे पाहिलं. टिंग तिचंच होतं. आईने काहीतरी विकत घेतलं होतं: रजईची खोळ, गडद लाल, कशिद्याची, दोन उशांच्या अभ्र्यांसकट. पैसे वेइलानच्या खात्यातून गेले होते. तीन वर्षांपूर्वी तिनेच वूशीला आईच्या घरी जाऊन तिच्या फोनवर ती सोय करून दिली होती. म्हातारीला आपल्या पेन्शनीत हात घालावा लागू नये म्हणून, आणि खरं सांगायचं तर, म्हातारी काय काय घेते ते आपल्याला कळावं म्हणूनही. ती मधल्याच एका मजल्यावर उतरली, जिन्याचा जड दरवाजा ढकलून आत गेली आणि तिने फोन लावला. आईने तो पहिल्याच घंटेला उचलला.

"आई, आता ही खोळ कशाला?"

"कळलं वाटतं तुला? इतक्यात?" आईचा आवाज तरतरीत होता. "तुमचे फोन भलते चुगलखोर."

"कपाटात तीन खोळी पडल्यात. आणि लाल? लग्न कोणाचं आहे?"

"तू मनावर घेतलंस तर तुझं."

"आई."

"बरं, राहिलं. जेवलीस का?"

"जेवायलाच चालले होते. हे बघ, ते रद्द कर. आत्ताच्या आत्ता. ती माल विकणारी बाई कॅमेऱ्यासमोर कोकलते आणि तुम्ही बोटं दाबत सुटता. कापड कसलं आहे ते तरी पाहिलंस का?"

"कसं पाहणार? काचेतून हात जातो होय आरपार?"

"मग घेतलंस कशाला?"

"करते म्हटलं ना रद्द. ओरडू नकोस, आवाज घुमतोय. तू जिन्यात आहेस ना? कठड्याला धरून उतर. परवा टीव्हीवर दाखवत होते, एक बाई फोनवर बोलता बोलता..."

"ठेवते मी."

चार मिनिटांचं बोलणं. शेवयांचा वाडगा समोर येईपर्यंत ते तिच्या डोक्यातून गेलंही होतं. दुपारी तिने कामाची दोन पानं लिहिली, संध्याकाळी पावाच्या दुकानातून उद्याच्या न्याहारीचा पाव घेतला, घरी जाऊन केस धुतले. दिवसाला कुठे चरा म्हणून नव्हता. नंतरच्या दिवसांत तिला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर त्या मंगळवाराच्या या गुळगुळीतपणाचा. एखादा पेला फुटला असता, एखादी गाडी चुकली असती, तर म्हणता आलं असतं की काहीतरी सांगत होतं कोणी. कोणी काही सांगत नव्हतं. बुधवारी सकाळी पावणेदहाला आईच्या वरच्या मजल्यावरच्या मेई मावशींचा फोन आला. आई बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांखाली पडलेली होती, मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि इस्पितळाच्या गाडीतल्या माणसाने नाडीला लावलेला हात काढून घेतला होता.

वेइलानची आई, शेन फेंगचू, बावीस वर्षं वूशीच्या मोठ्या सरकारी दुकानात कापडाच्या काउंटरमागे उभी राहिली. कापड तेव्हा कुपनावर मिळायचं. गिऱ्हाईक काउंटरपाशी येऊन वरच्या ताग्याकडे बोट दाखवायचं, आणि आईच्या मनात असलं तर ती तो तागा काढायची. गिऱ्हाईक राजा वगैरे तेव्हा कोणी ऐकलेलं नव्हतं. राजा असलाच तर तो काउंटरच्या आतल्या बाजूला असायचा. वेइलान शाळेतून सुटली की तिथे जाऊन काउंटरखालच्या स्टुलावर बसायची. डोक्यावरून तारा गेलेल्या असायच्या. आई पावती आणि नोटा चिमट्यात अडकवून तारेवर असा झटका द्यायची की चिमटा सूं करत दुकानाच्या मध्यावरच्या उंच ओट्यावर बसलेल्या रोखपालबाईच्या डोक्याशी जाऊन आदळायचा. आईचा नेम कधी चुकला नाही. आणि आईचा अंगठा. कापडाची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून ती एकदा चोळायची आणि सांगायची, यात चाळीस टक्के खोट आहे, हे दोन धुण्यांत आटेल, हे तुमच्या सुनेला पुरेल पण तुम्हाला नाही. डोळे मिटूनसुद्धा सांगायची. एकदा एका अधिकाऱ्याच्या बायकोने लोकर म्हणून आणलेलं कापड तिने चोळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाई, ही मेंढी कारखान्यात जन्मलेली आहे." पुढे ते दुकान बंद झालं, माणसांना घरी पाठवलं, तिथे काचेची बाजारपेठ आली, मग तीही ओस पडली. आईने मंडईजवळ पडदे शिवून द्यायला सुरुवात केली. काय काय बदललं, पण एक बदललं नाही: चोळून पाहिल्याशिवाय तिने कधी हातरुमाल घेतला नाही. मुलीच्या कोटाची बाहीसुद्धा, मुलगी दारातून आत येते न येते तोच, आधी अंगठ्याखाली जायची. "कितीला फसलीस?" हे तिचं स्वागत.

ही बाई काचेपलीकडच्या खोळी घेत होती. आणि वेइलानला, जिचा धंदाच मुळी लोक काय घेतात आणि का घेतात हे सांगण्याचा, तिला एकदाही यात काही विचित्र वाटलं नव्हतं. उलट तिच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. साठीपुढच्या गिऱ्हाइकांवर दोन वर्षांपूर्वी तिने लिहिलेल्या अहवालाचं नाव होतं 'रुपेरी ग्राहक', आणि त्यातलं एक वाक्य तिचे वरिष्ठ लू साहेब यांनी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत घेतलं होतं: एकटेपणा हा या वयोगटातला सर्वांत भरवशाचा खरेदीदार आहे. तिला त्या वाक्याचा अभिमान होता. कुठल्याशा सभेत ते पडद्यावर आलं तेव्हा लोकांनी फोन वर करून त्याचे फोटो काढले होते. त्याच अहवालात पुढे शिफारस होती की प्रक्षेपण करणाऱ्या विक्रेतीने साठीपुढच्या बायकांना ताई, बाई, ग्राहक असं काही न म्हणता 'आई' म्हणावं. त्या अधिक वेळ थांबतात. विक्रेत्या नंतर खरोखरच तसं म्हणू लागल्या. वेइलानने आईकडे मुक्कामाला असताना ऐकलं होतं, टेबलावर टेकवलेल्या फोनमधून: "माझ्या आयांनो, घाई करा, शेवटचे दोनशे." आई भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "हिला बघ किती आया. बाळंतपण कोणी केलं कोण जाणे." वेइलान हसली नव्हती. तिने मनात नोंद केली होती की थट्टा करणारं गिऱ्हाईकही ऐकत राहतं.

तिसऱ्या दिवशी दहन झालं. त्याआधी घराखालच्या मोकळ्या खोलीत गल्लीतल्या बायका चंदेरी कागदाच्या विटा घडी करत बसल्या होत्या. मेलेल्या माणसाला पलीकडे खर्चायला लागतात त्या. एका बाईने घडी घातलेल्या तयार विटांचं खोकंच मागवून आणलं होतं.

"मेलेल्यालासुद्धा तयार माल?" मेई मावशी म्हणाल्या. "हाताने घडी घातल्याशिवाय पोचत नाही ते."

"पोचतं, पोचतं. खोक्यावर लिहिलंय, यंत्राने घडी घातलेलं, एकसारखं."

"फेंगचूला एकसारखं देताय? ती एकेक वीट चोळून परत पाठवेल."

बायका हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या, कारण मुलगी तिथे होती. वेइलानला त्यांचा राग आला, मग त्या गप्प झाल्याचा राग आला. तिला सगळ्याचाच राग येत होता. दहनगृहातल्या तरुण माणसाने तिच्यापुढे तीन पर्यायांचा तक्ता धरला होता, साधा, मध्यम आणि आदराचा, आणि बोट मध्यमवर ठेवून म्हणाला होता, "बहुतेक घरं हा घेतात." ही युक्ती तिला ठाऊक होती. दोन टोकं दाखवली की माणूस मधलं उचलतो. ती स्वतः वर्षातून दोनदा नव्या मुलांना हे शिकवायची. तिने मधलं उचललं. संध्याकाळी लू साहेबांचा फोन आला. आधी दुःख झालं म्हणाले, आवाजात दुःख होतंही, मग म्हणाले, "घाई नाही, पण सोमवारी यान मॅडम येतायत. त्या दुपारच्या गटाचं कारण तेवढं तुझ्याकडून यायचं राहिलंय."

दुपारचा गट म्हणजे असा: साठीपुढच्या बायका पहाटे पाच ते सात या वेळात खरेदी करतात, सगळ्या आकड्यांत हेच दिसत होतं. पण त्यातल्या काही हजार बायका दुपारी बारा ते साडेबारा या वेळातच घ्यायच्या आणि दहा-पंधरा मिनिटांत रद्द करायच्या. पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्यायच्या, पुन्हा रद्द. वेइलानने त्यांच्यापुढे 'अविश्वास?' एवढंच लिहून प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. फोनवरून माल विकणाऱ्या यान मॅडमच्या कंपनीला त्या बायका गिऱ्हाईक म्हणून हव्या होत्या, आणि लू साहेबांना प्रश्नचिन्हाच्या जागी एक वाक्य.

शनिवारी ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पार्सलच्या दुकानात गेली. साऱ्या वस्तीची पार्सलं तिथे येऊन पडतात आणि फोनवर आलेला आकडा दाखवून ज्याने त्याने न्यायची असतात. आईची साठलेली घेऊन जावीत, परत करायची ती करावीत, या विचाराने तिने दोन मोठ्या पिशव्या नेल्या होत्या. मनात तिने ढीग पाहिला होता. त्या ढिगाचा तिला आगाऊच संताप आला होता, तो ढीग रचणाऱ्यांचा, त्या 'आयांनो' म्हणणारीचा, आणि मान तुकवून फसत गेलेल्या आईचाही. दुकान शिआ नावाची जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई चालवायची.

"शेन मावशींची पार्सलं?" शिआने चष्मा वर केला. "त्यांची कुठली पार्सलं, ताई?"

"तीन वर्षांतली किती असतील. आठवड्याला दोन-तीन तरी."

"छे हो. वर्षाकाठी एखादं. ते तिळाचं पीठ यायचं बघा, तुम्हीच पाठवायचात ना? तेवढंच."

वेइलान पिशव्या हातात घेऊन उभी राहिली.

"मावशी रोज यायच्या मात्र," शिआ म्हणाली. "दुपारचं जेवण झालं की. त्या खुर्चीवर बसायच्या. लोक पार्सल इथेच फोडतात ना, तर मावशी म्हणायच्या, आण इकडे, बघू. आणि अशा चोळायच्या." तिने दोन बोटं चोळून दाखवली. "रेशीम म्हणून दिलंय? हे प्लास्टिकच्या बाटल्यांचं आहे, परत कर. हे बरं आहे, ठेव, पण उन्हात घालू नकोस. लोक त्यांच्यासाठी थांबायला लागले होते हो. माझ्याकडून परत जाणारा माल त्यांच्यामुळे दुप्पट झाला, विक्रेते मला शिव्या देतात. मी म्हटलं, मावशी, तुम्ही मला बुडवणार. तर म्हणतात, बुडालीस तर माझ्याकडे ये, पडदे शिवायला बसवीन."

"पण ती घेत होती," वेइलान म्हणाली. "माझ्याकडे सगळ्याची नोंद आहे."

"काचेतून कापड घेणारे बिनडोक, असं त्या इथे बसून म्हणायच्या, ताई. माझ्यादेखत म्हणायच्या, माझं पोट त्याच्यावर असून."

रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत ती स्टेशनावर आली. शांघायला जाणारी गाडी चाळीस मिनिटांत पोचवते. एवढ्या जवळ, असं लोक म्हणतात. गाडी हलल्यावर तिने आईचा फोन पिशवीतून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातली खरेदीची यादी पूर्ण उघडली. आतापर्यंत तिने फक्त आपल्याकडची टिंगं पाहिली होती, ज्यात घेतल्याचं लगेच कळायचं आणि पैसे परत आल्याचं महिन्याच्या हिशेबात कुठेतरी विरून जायचं. लाल खोळ, बारा चौदा. रद्द, बारा एकवीस. त्याआधीच्या शुक्रवारी लोकरी मोजे, बारा बारा, रद्द बारा अठरा. उकडपात्र, बारा सतरा. पाऊस नसताना छत्री. कुत्रा नसताना कुत्र्याचं अंथरूण, आणि ते अंथरूण वेइलानला चांगलं आठवत होतं, त्यावर ती जिन्यात उभी राहून अकरा मिनिटं तावातावाने बोलली होती आणि आई मधून मधून "हो का," "असं होय," म्हणत होती, आणि शेवटी म्हणाली होती की तुला सर्दी झालेली दिसते. यादी खाली सरकत गेली. सगळं बारा ते साडेबारा. पहाटेचं एकही नाही. शनिवार-रविवारचं एकही नाही, कारण शनिवार-रविवारी, आईला ठाऊक होतं, मुलगी झोपते, मग वाचते, आणि वाचताना फोन बंद ठेवते. फक्त कामाचे दिवस, फक्त जेवणाची सुट्टी, ज्या वेळात माणूस फोन घेऊन जिन्यात जाऊ शकतो. मधले काही आठवडे मात्र कोरे होते. वेइलानने तारखा पाहिल्या. त्या आठवड्यांत ती कामासाठी चंगतूला होती आणि आईला तसं सांगून गेली होती.

तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. बाहेर गोदामं जात होती, एकासारखी एक, निळ्या छपरांची. तिला समजलं होतं, आणि जे समजलं त्याच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून तिचं मन दुसरीकडे धाव घेऊ लागलं. त्या कोकलणाऱ्या बाईवर ते तुटून पडलं, आणि ती बाई समोर दिसेना. दिसेना, कारण आई तर तिचं काहीच घेत नव्हती. मग ते लू साहेबांवर गेलं, मग त्या तीन पर्यायांच्या तक्त्यावर, मग सगळ्या शहरावर, जिथे भाजीसुद्धा अठ्ठावीस मिनिटांत दाराशी येते आणि कोणी कोणाच्या दाराशी जात नाही. पण प्रत्येक रागाला थोडं पुढे गेलं की हातात धरायला काही मिळत नव्हतं. 'अविश्वास?' असं आपण लिहिलं होतं, हे तिला आठवलं. बावीस वर्षं नेम धरून चिमटा फेकणाऱ्या बाईने तारेवरून चिठ्ठी पाठवावी, तशी आई आठवड्याला दोन-तीन चिठ्ठ्या पाठवत होती, आणि आपण उंच ओट्यावर बसून फक्त रक्कम वाचत होतो. शेजारच्या सीटवरचा माणूस दाण्याच्या साली काळजीपूर्वक एका कागदात गोळा करत होता. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दाण्यांची पुडी तिच्यापुढे केली. तिने दोन दाणे घेतले. ते तिने मुठीतच धरून ठेवले.

सोमवारी अकराला बैठक सुरू झाली. लू साहेब, यान मॅडम, त्यांच्याबरोबर आलेले दोघे, आणि वेइलान. यान मॅडम चाळिशीच्या आतबाहेरच्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी आधी वेइलानचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझी आईसुद्धा एकटीच असते गावी." त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्यामुळेच वेइलानला हात सोडवून घ्यावासा वाटला. मग पडदा उजळला. तिच्या न लिहिलेल्या वाक्याची वाट न बघता त्यांनी एक प्रयोग करून पाहिला होता. दुपारच्या गटातल्या आठशे बायका निवडल्या होत्या. बाईने काही घेतलं की दोन मिनिटांच्या आत तिला फोन जायचा; यंत्राचा, पण आवाज तिशी-पस्तिशीच्या मुलीचा. काय घेतलंत, छान आहे, जेवलात का, तब्येत कशी. बस्स.

"आणि रद्द करणं थेट एक तृतीयांशावर आलं," यान मॅडम म्हणाल्या. "ठेवतात वस्तू. पुढच्या खेपेला आणखी मोठी घेतात. एक ऐकवते."

पडद्यावर काही आलं नाही, नुसता आवाज आला. यंत्रातली मुलगी गोड बोलत होती. मग एका म्हातारीचा आवाज, कुठल्या तरी उत्तरेच्या गावचा, मोठ्याने बोलणारा. "कोण बोलतंय? बरं बरं. हो, जेवले. तू जेवलीस का? तुझा आवाज असा का येतोय गं, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा? घसा बसलाय का? कामं फार देतात का तुम्हाला?" यंत्र म्हणालं की आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहोत. म्हातारी म्हणाली, "आभार कसले मानतेस. ठेवू नकोस हं लगेच. आज काय खाल्लंस ते सांग."

आलेल्या दोघांपैकी एकजण हसला. लू साहेबही किंचित हसले, वाईट हसणं नव्हतं ते, एखादं मूल गोड काही बोललं की हसतात तसं. वेइलानला वाटलं की उठावं आणि तो पडदा भिंतीवरून ओढून काढावा. आठशे बायका. आठशे स्वयंपाकघरांत पुसलेल्या टेबलावर टेकवून ठेवलेले आठशे फोन, आणि घड्याळाकडे बघत बसलेल्या बाया, की आता सुट्टी झाली असेल, आता ती उठली असेल, आता दाबावं. त्यांच्या मुली कुठे असतील? इथेच असतील, या इमारतीत, समोरच्या इमारतीत, जेवणाच्या रांगेत. आणि त्या मुलींच्या आधी, त्यांच्याहून लवकर, त्यांच्याहून गोड, हे पोचणार. यांना चोर म्हणावं तर त्यांनी कोणाच्या घरातून काय नेलं? जागा मोकळीच होती. कोणी मोकळी ठेवली होती?

"आकडे चांगले आहेत," लू साहेब म्हणाले. "पण सगळीकडे लागू करायचं तर कारण लिहून द्यावं लागेल. त्या रद्द का करत होत्या? पैसे नव्हते असं नाही, दिसतंय ते. विश्वास नव्हता म्हणावं, तर पुन्हा पुन्हा घेत होत्या. वेइलान, हा गट तुझा. एका वाक्यात सांग. मी तसंच्या तसं घालतो आणि तू सही कर."

सगळे तिच्याकडे बघत होते. वाक्य करणं तिला जमायचं, त्यासाठीच तिला पगार होता. ती उभी राहिली, का ते तिचं तिलाही कळलं नाही. या खोलीत कोणी उभं राहून बोलत नसे.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा साधा आला. "त्या काही विकत घेत नव्हत्या. ज्या मुलीच्या खात्यातून पैसे जातात तिचा फोन वाजावा म्हणून त्या घेतात. मुलगी चिडून फोन करते, चार मिनिटं बोलते, म्हणते रद्द कर, आणि त्या रद्द करतात. त्यांचं काम झालेलं असतं."

"हे तू कशावरून म्हणतेस?" लू साहेबांनी विचारलं. "आकड्यांत मुली कुठे आहेत?"

"या गटात माझी आई होती. तीनशेच्या वर वेळा तिने घेतलं आणि रद्द केलं, आणि मी तीनशेच्या वर वेळा जिन्यात उभी राहून तिला रागावले."

यान मॅडमनी पडद्याचं बटण दाबून तो विझवला. कोणीतरी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. तिला तो नको होता. तिला बसायचंही नव्हतं. इतके दिवस जे जे समोर आलं त्याच्यावर ती चिडत आली होती, आणि आता समोर कोणी उरलं नव्हतं.

"तिला दुसरा मार्ग नव्हता," वेइलान म्हणाली. "तीन वर्षांत मी माझ्या आईला आपणहून एकदाही फोन केला नाही."